थ्रिलिंग म्हणजे भोक

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीशी उभे राहून भेंडीच्या बियाण्याचं पाकीट वाचत होते. पाकीट उलटं धरलेलं, चित्रातलं भेंडीचं झाड खाली डोकं, वर पाय. नोकरीचा माझा पहिला दिवस होता. मला वाटलं, या म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नसावं आणि बिचारे ते लपवत असावेत.

"सरळ धरलं की डोळा पुढं पळतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उलटं धरलं की एकेक अक्षरापाशी थांबून विचारावं लागतं, बाबा, तू बराबर जागेवर आहेस ना."

नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला, बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं ओळीनं आहेत. त्यातल्या एका मध्यम कंपनीत मी पत्रकं लिहायला लागले होते. इंग्रजी घेऊन बी. ए. केलेली, घनसावंगीहून आलेली, चोवीस वर्षांची मुलगी. ते तिथं प्रूफं तपासायचे. पाकीट, पत्रक, बॅनर, अगदी गोदामाच्या दारावरची पाटीसुद्धा आधी त्यांच्या टेबलावरून जायची. कोपऱ्यात त्यांची बारीक सही पडली की मगच छपाईला.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गंमत अशी की त्यांनी आयुष्यात एक दिवसही कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. इच्छा होती. तरुणपणी एका शाळेत मुलाखतीला गेले होते, तिथं एकाही प्रश्नाला तोंडातून शब्द फुटला नाही. हे त्यांनीच मला सांगितलं. "समोर पाच माणसं बसली होती. ते विचारून राह्यले, अन् मला फक्त त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यातली चूक दिसून राह्यली."

"मग?"

"मंग काय. चूक सांगितली अन् घरी आलो."

त्यांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश असायचा. त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर. कंपनीचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. शब्दाचा अर्थ बघण्यासाठी ते तो उघडत नसत. अर्थ त्यांना पाठच असत. अर्थाच्या शेवटी बारीक अक्षरात शब्द कुठून आला ते दिलेलं असतं, तेवढंच ते वाचायचे. एखादा शब्द चुकीच्या जागी पडला तर चुकला असं ते कधी म्हणायचे नाहीत. "हा इथला रहिवासी न्हाई," असं म्हणायचे आणि लाल पेनानं त्याच्याभोवती अगदी हळू गोल काढायचे.

भाषा कुठलीही असो, त्यांना हीच एक भूक. तालुक्यातून कुणी दुकानदार माल घ्यायला आला की हे खुर्ची पुढं सरकवून विचारणार, "गाव कुठलं? नाव असं का पडलं असेल?" दुकानदार घाईत असायचा. "नाव आजानं थोडंच ठेवलंय, मास्तर. माल जल्दी द्या म्हणा." मग हे वहीत गावाचं नाव लिहून त्यापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे. अशा चार वह्या भरल्या होत्या. त्यांतली बहुतेक प्रश्नचिन्हं तशीच होती.

ते स्वतः भोकरदनकडचे. त्यावरून ऑफिसात नेहमीची चेष्टा चालायची. ते मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान वर करून सांगायचे, "त्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. झिजत झिजत भोकरदन झालं. भोकाचा बिलकुल संबंध न्हाई." सांगून होईपर्यंत ऐकणारे निघून गेलेले असायचे. ते उरलेलं वाक्य शब्दकोशाला सांगायचे आणि पुन्हा प्रुफात डोकं घालायचे.

दुपारी आम्ही सगळे मोठ्या टेबलाभोवती डबे उघडायचो. ते खिडकीशी उभे राहून, समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे बघत जेवायचे. मी येण्याआधी त्यांना टेबलावर बोलवत असत म्हणे. पण ते जेवताना लोकांचे शब्द दुरुस्त करायचे. कुणी बायकोच्या आजारपणाचं सांगत असेल आणि त्यात औषधाचं नाव चुकलं, तर यांचं बोट वर. हळूहळू बोलावणं बंद झालं. मीही त्यांना कधी बोलावलं नाही. त्यांना उभं राहूनच आवडतं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. ती सोयीची होती.

शनिवारी संध्याकाळी टेबल आवरताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "उद्या घनसावंगीला जायचंय." कुणी काही विचारायचं नाही. माझं गावच ते, म्हणून मी एकदा विचारलं, "कुणाकडं?"

त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "आहेत एक ओळखीचे," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

माझ्या नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा कंपनीचं कापसाचं नवं वाण निघालं. शेठजींचा मुलगा नुकताच पुण्याहून शिकून आला होता. आम्ही त्याला धाकटे शेठ म्हणायचो. त्याला पाकीट नव्या तऱ्हेचं पाहिजे होतं. भरघोस, दर्जेदार, खात्रीशीर हे शब्द ऐकून ऐकून शेतकऱ्याचे कान किटले आहेत, त्याच्या पोराच्या तोंडी असतो असा इंग्रजी शब्द द्या, पण देवनागरीत, असं त्यानं मला सांगितलं. मी दहा शब्दांची यादी केली. त्यातला सातवा होता थ्रिलिंग.

"थ्रिलिंग उत्पादन!" त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. "थरारसारखं वाटतंय. हाच."

मला फार आनंद झाला. माझ्या डोक्यातून निघालेला शब्द लाखभर पाकिटांवर जाणार, असंच तेव्हा मला वाटत होतं. मी तो माझ्या अक्षरात कच्च्या कागदावर लिहून दिला आणि दोन दिवसांनी पाकिटाचं प्रूफ मास्तरांच्या टेबलावर गेलं.

तासाभरानं ते माझ्यापाशी आले. शब्दकोश दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल न्यावं तसा.

"बाई," ते म्हणाले. मला ते बाईच म्हणायचे. "हा शब्द तुम्ही दिल्ता?"

"हो. का? चुकलाय का?"

"अक्षरं बराबर आहेत. पण हा आला कुठून ते बघितलं का?" त्यांनी शब्दकोश माझ्या टेबलावर ठेवला आणि बारीक अक्षरांवर नख टेकवलं. "जुन्या इंग्रजीत थिर्ल म्हणजे भोक. नाकपुडीला नॉस्ट्रिल म्हणतात ना, त्यातला शेवटचा तुकडा तोच. नाकाचं भोक. पुढं थिर्लचं थ्रिल झालं. थ्रिल करणं म्हणजे भोक पाडणं. भाल्यानं, बाणानं, आरपार. मंग चारेकशे वर्षांपूर्वी लोक म्हणायला लागले की एखादी गोष्ट भाल्यासारखी काळजात घुसली. तिथून ह्यो थ्रिलिंग."

"पण थरार..."

"थरार आपला. थरथर, थरकाप, त्या घरातला. हे दोघं दिसायला सारखे आहेत, नातं कायबी न्हाई." ते जरा वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, बोंडअळी काय करते?"

मी शेतकऱ्याची मुलगी. बोंडअळी काय करते ते मला शब्दकोशात बघावं लागणार नव्हतं. ती बोंडाला बारीक भोक पाडून आत शिरते. बाहेरून बोंड चांगलं दिसतं, फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली रुई.

"कापसाच्या पाकिटावर आपण भोक छापून राह्यलो," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्यांनाही आलं. पण ते हसता हसता धाकट्या शेठच्या केबिनकडे वळले आणि माझं हसू थांबलं.

काचेच्या दारातून दिसत होतं. ते उभे राहून सांगत होते, धाकटा शेठ मोबाइलवर बघत मान हलवत होता. मग तो मोठ्यानं हसला. "मास्तर, जुनी इंग्रजी कोणत्या शेतकऱ्याला येते हो? सही करा अन् सोडा."

त्यांनी सही केली. सहीच्या वर एक ओळ लिहिली, ती मी नंतर पाहिली. 'अक्षरे शुद्ध. शब्द शुद्ध. मला मान्य नाही.' छापखान्याला त्यातल्या पहिल्या चार शब्दांशीच कर्तव्य होतं. पाकिटं छापून आली.

वाणाच्या प्रचाराचा पहिला मेळावा अंबड तालुक्यातल्या एका गावात ठेवला होता. चौकातल्या चहाच्या टपऱ्यांसमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागं बॅनर. पत्रकं वाटायला माणसं कमी पडत होती म्हणून मास्तरांनाही जीपमध्ये घेतलं. ते शेवटच्या ओळीत गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. धाकटा शेठ माइकवर बोलत होता. बोलणं संपल्यावर पुढच्या ओळीतली एक म्हातारी बाई पाकीट हातात घेऊन उभी राहिली. शेत तीच बघत असणार, बोलण्यावरूनच कळत होतं.

"ह्ये काय लिव्हलंय, दादा? थिरि... थिरिलिंग?"

धाकट्या शेठला लहर आली. कुणाला दुखवायचा त्याचा हेतू नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याला फक्त चार लोकांना हसवायचं होतं. "हे आमचे मास्तर सांगतील. त्यांच्याकडं सगळ्या शब्दांचे पत्ते असतात." आणि त्यानं माइक मागं पाठवला. माइक हातोहात शेवटच्या ओळीत पोचला.

मास्तर उभे राहिले. गठ्ठा मांडीवरून घसरून पत्रकं पायाशी सांडली. आता हे खाली बसतील असं मला वाटलं. पाच माणसांपुढं ज्यांचा शब्द फुटला नव्हता, त्यांच्यापुढं दोनशे माणसं माना वळवून बसली होती.

ते बोलले. चांगली दहा-बारा मिनिटं बोलले. आधी त्या म्हातारीला विचारलं, "मावशी, तुमचं नाक कधी टोचलं?" ती म्हणाली, लहानपणी, बाभळीच्या काट्यानं. "मंग तुम्हाला ह्या शब्दाचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." तिथून ते नाकपुडीवर आले, नाकपुडीवरून भाल्यावर, भाल्यावरून काळजावर. एखादी बातमी ऐकली की छातीत कसं आरपार होतं, ते साहेबाच्या देशातल्या माणसालाही तसंच होत होतं आणि त्याच्याकडं त्याला दुसरा शब्द नव्हता म्हणून त्यानं भोकाचाच शब्द वापरला, हे त्यांनी असं सांगितलं की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी त्यांना असं बोलताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आवाज मोठा नव्हता. पण प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत जात होता.

मग मधल्या ओळीतला एक शेतकरी उठला. "म्हंजी मास्तर, ह्यो बोंडाला भोक पाडणारा वाण हाय म्हणा की!"

मांडव हसला. म्हातारी बाई हसली, टपरीवाला हसला, मागची पोरं खुर्च्या वाजवायला लागली. मास्तरही हसले. त्यांना वाटलं, त्यांची गोष्ट लोकांना कळली. धाकटा शेठ तेवढा हसला नाही.

परतीच्या जीपमध्ये ते माझ्याशेजारी बसले होते. बाहेर नांगरून ठेवलेली रानं मागं पळत होती. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून, धाकट्या शेठला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "बाई, तिसऱ्या ओळीत निळ्या शर्टातला माणूस होता, बघितला का?"

"नाही. का?"

"शेवटपर्यंत ऐकत होता. एकदाबी मोबाइल काढला न्हाई." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. 

कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातला फक्त शेवटचा तुकडा, शेतकऱ्याचा प्रश्न आणि लोकांचं हसणं, गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागला. दुकानदारांचे फोन सुरू झाले. 'भोकवालं बियाणं' नको, जुनंच वाण पाठवा. तिसऱ्या दिवशी शेठजींनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठजी कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"हा शब्द कुणी सुचवला?"

धाकटा शेठ माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण यादीतून तो शब्द निवडणारा तोच, त्यामुळं त्यालाही बोलायचं नव्हतं.  घरी मी नोकरीला लागले म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले होते, ते मला आठवलं. हो, मी दिला होता, एवढंच म्हणायचं होतं. इतकी छोटी गोष्ट होती. मला वाटलं, कुणी आधी बोलेल, मग मी बोलेन.

मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही. प्रुफात एखाद्या अक्षराकडे बघून पुढं जावं तेवढंच. मग शेठजींना म्हणाले, "माझ्याच टेबलावरचा शब्द आहे. मीच दिल्ता."

"तुम्ही दिला अन् तुम्हीच भर मांडवात त्याचा असा अर्थ सांगितला?"

"अर्थ तोच आहे."

शेठजींनी टेबलावरचं पाकीट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही आराम करा." हिशेब पुरा देतो म्हणाले, वागले सभ्यपणानंच. पण मास्तरांची नोकरी तिथं संपली. संध्याकाळी मास्तरांनी शब्दकोश आणि चार वह्या पिशवीत भरल्या. पिशवीचा बंद तुटला. त्यांनी तो गाठ मारून बांधला. सगळे आपापल्या कॉम्प्युटरमध्ये बघत होते. मी एक जुनं पत्रक उघडून त्यातल्या ओळी मोजत बसले. ते माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत. त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं, आणि थांबू नये असंही.

एरवी मी शनिवारी संध्याकाळीच घरी जायची. दोन महिन्यांनी, एकदा रविवारी सकाळी, मी घरी जायला घनसावंगीच्या एसटीत बसले. ते पुढून दुसऱ्या बाकावर होते. स्वच्छ पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. मी मागच्या बाकाकडे वळले. पण त्यांनी मला बघून जागा करून दिली. कशा आहात, काम काय चाललंय, आता प्रूफ कोण बघतं, सगळं विचारलं. "कुणीच नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. वाटेत ते गावांच्या पाट्या वाचत आले.

घनसावंगीच्या स्टँडवर मी उतरले. ते उतरले नाहीत. मी खालून खिडकीशी गेले. "उतरत नाही का? आलं की गाव."

"तुम्ही व्हा पुढं. मला जरा वेळ आहे."

गाडी तिथंच थांबून परत जालन्याला जाणारी. कंडक्टर खाली उतरून पाणी पीत होता. मी त्याला विचारलं, हे कुणाकडं येतात?

"कुणाकडंच न्हाई, मॅडम. दर रईवारी येत्यात अन् ह्याच गाडीत बसून माघारी जात्यात. लई वर्सं झाली. मी एकदा म्हणलं, काका, खाली उतरून च्या तरी प्या. तर म्हणले, तू विचारलंस ना, बास झालं." तो ओशाळल्यासारखा हसला. "भला मानूस हाय. सहा दिवस त्यांच्याशी कोण बोलतं की न्हाई, देव जाणे."

मी पुन्हा गाडीत चढले आणि त्यांना म्हणाले, आई स्वयंपाक करून बसलीय, चला. ते नाही नाही म्हणत राहिले. मी त्यांची पिशवी उचलली तेव्हा नाइलाजानं उठले.

आमच्या घरी ते बाजेच्या अगदी कडेला बसले, कुणी उठवेल तर पटकन उठता यावं असे. आईनं भाकरी, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल आणि तिखट वाढलं. तिला यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली सगळ्यांना विचारते तसं विचारत होती.

"तुमच्यात कोण कोण असतं, भाऊ?"

"सध्या मीच," ते म्हणाले.

"अन् लग्न?"

"राहून गेलं."

"बहीण-भाऊ?"

"होते."

आईनं न विचारता आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती सगळी खाल्ली. जेवताना आई दोनदा शब्द चुकली. त्यांचं बोट वर गेलं नाही.

त्या दिवसानंतर मला ऑफिसात बसवेना. त्यांच्या टेबलावर आता पाकिटांचे खोके रचलेले असायचे. एके दिवशी मी उठले, शेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं. शब्द मी दिला होता. मास्तरांनी तर तो अडवायचा प्रयत्न केला होता, त्यांचा शेरा प्रुफावर आहे. शेठजींनी छापखान्यातून ते प्रूफ मागवलं. ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.  फक्त म्हणाले, "त्यांना म्हणावं, सोमवारपासून या. मी स्वतः बोलावलंय म्हणून सांगा."

त्या रविवारी मी गाडीत त्यांच्या आधी जाऊन बसले. ते आले, शेजारी बसले. गाडी जालना सोडून बाहेर पडेपर्यंत मला दम धरवला नाही. मी सगळं सांगितलं, शेठजींचा निरोपही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना आनंद होईल, डोळे भरून येतील, असं काहीबाही मी आठवडाभर मनात रंगवलं होतं.

त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"कशाला सांगितलंत?" ते म्हणाले.

"कारण खरं होतं ते. तुमची काही चूक नसताना..."

"बाई, मी चाळीस वर्षं चुका काढल्या. दुसऱ्यांच्या काढल्या, माझ्या काढल्या. दिसली चूक की मला सोडवत न्हाई, म्हणून माणसं माझ्यापास्नं उठून गेली. ते मला कळत न्हाई असं वाटतं का तुम्हाला?" त्यांचा आवाज तसाच बारीक होता. "आयुष्यात एक चूक मी जाणून, बघून, तशीच राहू दिल्ती. कुणासाठी तरी. तेवढी एकच. तीबी तुम्ही दुरुस्त केलीत."

 मी म्हणाले, माझं चुकलं, आणि म्हणता म्हणताच ते किती निरुपयोगी आहे ते मला कळलं.

अंबडचं स्टँड आलं. ते पिशवी घेऊन उठले आणि उतरले. तिकीट घनसावंगीचं होतं. खिडकीतून मला दिसत होतं, ते फलाटावर उभे राहून गाड्यांच्या पाट्यांकडे बघत होते, पण वाचत नव्हते. कंडक्टरनं घंटी मारली. मी ओरडून गाडी थांबवली आणि उतरले.

मी त्यांच्यापासून एक जागा सोडून बाकावर बसले. या वेळी मी काही बोलायला गेले नाही. आम्ही तासभर तसेच बसलो असू. मग जालन्याची गाडी लागली. ते उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, "आई वाट बघत असतील तुमची," आणि गाडीत चढले.

सोमवारी ते ऑफिसला आले नाहीत. नंतरच्या सोमवारीही नाहीत. वर्षभरानं मीही ती नोकरी सोडली, एम. ए., बी. एड. केलं, आता घनसावंगीतच कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. मास्तर त्या गाडीत पुन्हा कधी दिसले नाहीत. कंडक्टर पहिले काही महिने मला विचारायचा, मग त्यानंही सोडून दिलं.

ते कुठं असतात ते मला ठाऊक आहे. जालन्यातल्या एका वाचनालयात, दुपारी, पंख्याखालच्या टेबलावर. महिन्यातून एकदा मी जाते. ते खुर्ची सरकवून देतात, कुठल्या तरी शब्दाचं मूळ सांगतात, मी ऐकते. आई त्यांना जेवायला बोलावते, तो निरोप मी दर वेळी देते. ते दर वेळी "बघू" म्हणतात. अंबडच्या स्टँडचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

त्यांनी मला माफ केलं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते खरं सांगतील.